फुफ्फुस बदलल्यानंतर घराची जबाबदारी



या सदरात आम्ही बहुतेक वेळा साखर, रक्तदाब, बाळंतपण अशा रोजच्या विषयांवर लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. ज्या घरात फुफ्फुसाचा जुना आजार आहे, अब्बांना दोन पायऱ्या चढताना दम लागतो, अम्मीच्या उशाशी ऑक्सिजनचे यंत्र आहे, तिथे एखाद्या दिवशी डॉक्टरांच्या तोंडून ‘ट्रान्सप्लांट’ हा शब्द येतो. मग घरात प्रश्न सुरू होतात. खर्च किती? ऑपरेशन कुठे? माणूस वाचेल का? ऑपरेशन झाल्यावर पुढच्या पाच-सात वर्षांत घरात काय काय करावे लागेल, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. फुफ्फुस प्रत्यारोपणातला खरा कस त्या वर्षांतच लागतो, म्हणून आज त्याविषयीच लिहीत आहोत.

दापोडीच्या पुलावरची घटना

नोव्हेंबर २०२३ मधली एक बातमी अनेकांना आठवत असेल. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयातून दान मिळालेली फुफ्फुसे घेऊन नवी मुंबईच्या अपोलो रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. संजीव जाधव आणि त्यांचे सहकारी पुणे विमानतळाकडे निघाले होते. दापोडीच्या हॅरिस पुलाजवळ रुग्णवाहिकेचा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. डॉक्टरांना स्वतःला मार लागला होता. तरी फुफ्फुसांची पेटी सांभाळत ते दुसऱ्या गाडीने लोहगावला पोहोचले, तिथून विमानाने चेन्नईला गेले, आणि तिथे वाट पाहणाऱ्या २६ वर्षांच्या रुग्णावर शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

एवढी घाई का, तर फुफ्फुस शरीराबाहेर साधारण सहा तासच चांगले राहते. किडनी त्याहून बराच काळ थांबू शकते. बारामती पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे आणि इंदापूर सोलापूर रस्त्याने त्याहून पुढे. यादीत नाव असलेल्या रुग्णाला फोन आला की रात्री-अपरात्री निघावे लागते. म्हणून प्रत्यारोपण केंद्रे रुग्णाला बऱ्याचदा जवळ खोली घेऊन राहायला सांगतात.

अशी धावपळ बातमीत येते आणि वाचताना डोळे पाणावतात. त्यानंतर रुग्ण घरी जातो आणि बातमी संपते. घरच्यांचे काम तेव्हा सुरू होते.

आपल्या भागातला श्वास

फुफ्फुस बदलण्याची वेळ कोणावर येते? फुफ्फुसे आतून कडक होत जाणारा फायब्रोसिस, विडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने झालेला सीओपीडी, श्वासनलिका कायमच्या फुगून त्यात कफ साचत राहणारा ब्रॉन्किएक्टॅसिस, फुफ्फुसांतल्या रक्तदाबाचे काही आजार, अशांपैकी शेवटच्या टप्प्यावर पोहोचलेल्या निवडक रुग्णांवर. कोविडनंतर फुफ्फुसे निकामी झालेल्या काही रुग्णांवरही देशात ही शस्त्रक्रिया झाली.

आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, गुऱ्हाळे आहेत. हंगामात पाचट पेटते. गावाकडे पाणी तापवायला अजूनही चूल लागते. उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते साठून त्यावर बुरशी आणि तसलेच सूक्ष्म जंतू वाढले आणि ती कोरडी धूळ नाकात गेली, तर ‘बगॅसोसिस’ नावाचा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ मध्ये कोलकात्याजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातली आहे. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी १,०८४ रुग्णांची नोंद ठेवून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसे कडक करणाऱ्या आजारांत सर्वाधिक, म्हणजे ४७ टक्के रुग्णांचा आजार श्वासातून आत गेलेल्या बुरशी, पक्ष्यांची पिसे-विष्ठा अशा गोष्टींच्या ॲलर्जीचा निघाला. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता.

म्हणजे या आजारांचा मोठा भाग हवेतून येतो, आणि काही भाग टाळता येतो. ज्याची फुफ्फुसे अजून शाबूत आहेत, त्याने चुलीचा धूर, विडी, कूलरमधले कुजके पाणी आणि चिपाडाची धूळ यांपासून स्वतःला वाचवले, तर या लेखातल्या पुढच्या गोष्टींची वेळच कदाचित येणार नाही, इन्शाअल्लाह.

शरीर नव्या फुफ्फुसाला परके का मानते

अल्लाहने शरीराला एक पहारेकरी दिला आहे. त्याला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. आत आलेली प्रत्येक पेशी आपली की परकी, हे तो ओळखतो आणि परकीवर हल्ला करतो. जंतूंपासून आपण वाचतो ते त्यामुळे. नवे फुफ्फुस जीव वाचवायला आले आहे, हे मात्र या पहारेकऱ्याला कळत नाही. तो त्यावरही हल्ला करतो. यालाच अवयव नाकारणे, किंवा डॉक्टरांच्या भाषेत ‘रिजेक्शन’, म्हणतात.

हे सगळ्याच अवयवांबाबत घडते, पण फुफ्फुसाबाबत अधिक. किडनी, यकृत, हृदय हे अवयव शरीराच्या आत बंद असतात. फुफ्फुस मात्र बाहेरच्या हवेला सतत उघडे असते. दिवसभरात दहा हजार लिटरहून अधिक हवा त्यातून जाते, आणि तिच्यासोबत धूळ, धूर, बुरशी, विषाणूही. प्रत्येक संसर्गाबरोबर पहारेकरी अधिक सावध होतो आणि त्या भरात परक्या फुफ्फुसावरही तुटून पडतो. शिवाय फुफ्फुस दात्याच्या शरीरातून येताना दात्याच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी मोठ्या संख्येने सोबत आणते.

म्हणून आकडेही वेगळे आहेत. जगभरातल्या केंद्रांच्या नोंदींप्रमाणे २०१० ते २०१७ या काळात फुफ्फुस बदललेल्या रुग्णांपैकी निम्मे रुग्ण साडेसहा वर्षांहून थोडे अधिक काळ जगले. हृदयाच्या बाबतीत हा आकडा बारा वर्षांच्या पुढे आहे. हे वाचून घाबरू नये. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात, काही तर वीस वर्षे. पण घरच्यांनी आकडा माहीत असूनच निर्णय घ्यावा, म्हणून लिहिला.

कोणता धोका कधी येतो

पहिले तीन दिवस फुफ्फुसाचे स्वतःचे असतात. बर्फात ठेवलेल्या अवयवात पुन्हा रक्त खेळू लागले की ते सुजते, त्यात पाणी भरते. रुग्ण तेव्हा अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो. त्या वेळी घरच्यांच्या हाती दुआच असते.

पुढच्या काही आठवड्यांत, जिथे नवी श्वासनलिका जुन्या नलिकेला जोडलेली असते, त्या सांध्याकडे लक्ष असते. ही शस्त्रक्रिया सुरुवातीला अनेक वर्षे अयशस्वी होत राहिली, त्याला हा सांधाही मोठे कारण होता. माणसावर पहिले फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात झाले. रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षे जगभर प्रयत्न झाले आणि जवळजवळ सगळे फसले, कारण सांधा भरून येत नसे. कॅनडातल्या टोरांटोचे डॉ. जोएल कूपर यांच्या गटाने प्रयोगांतून दाखवले की नाकारणे टाळायला दिले जाणारे मोठ्या मात्रेतले स्टेरॉइडच सांध्याची जखम भरू देत नाही. त्यांनी १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिन या नव्या औषधाच्या मदतीने स्टेरॉइड टाळले, सांध्याला पोटातल्या चरबीच्या पडद्याचे वेष्टण दिले, आणि त्यांचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. आज सांधा बहुतेकांचा भरतो. काहींचा अरुंद होतो, आणि मग तो दुर्बिणीतून रुंद करावा लागतो.

पहिल्या वर्षात तीव्र नाकारण्याचा धोका सर्वाधिक असतो. दम, कोरडा खोकला, बारीक ताप, थकवा ही त्याची लक्षणे. अनेकदा लक्षण काहीच नसते. म्हणून ठरलेल्या वेळी ब्रॉन्कोस्कोपी करतात, म्हणजे नाका-तोंडातून दुर्बिणीची नळी घालून फुफ्फुसाचे बारीक तुकडे तपासायला घेतात. ‘बरे तर वाटतेय, मग पुन्हा पुण्याला कशाला?’ असे म्हणून ही तपासणी चुकवू नये. तीव्र नाकारणे वेळेवर सापडले तर बहुतेक वेळा तीन दिवसांच्या जोरदार स्टेरॉइडने आवरते.

सर्वांत मोठे दुखणे मात्र उशिरा येते. लहान श्वासनलिकांच्या भिंतीवर हळूहळू व्रण धरत जातात आणि त्या आतून बुजत जातात. यालाच जुनाट नाकारणे, डॉक्टरांच्या बोलीत ‘क्लॅड’, म्हणतात. साधारण पाच वर्षांत निम्म्या रुग्णांना याची बाधा होते. एकदा बुजलेली नलिका परत उघडत नाही. म्हणून सारा भर आधी ओळखण्यावर आणि पुढची घसरण थांबवण्यावर असतो.

याच्या जोडीला संसर्ग आहेच, कारण प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. सीएमव्ही नावाचा विषाणू, अस्परजिलस ही बुरशी, आणि आपल्या देशात टीबी. टीबीचा पेच वेगळाच आहे. त्यावरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन हे नाकारणे रोखणाऱ्या औषधाला शरीरात टिकू देत नाही. टीबी बरा करायला जावे तर फुफ्फुस नाकारले जाण्याची भीती. असा रुग्ण गावातल्या दवाखान्यात गेला, तर त्याने प्रत्यारोपणाची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायला हवी.

औषधांचे स्वतःचेही दुष्परिणाम असतात. किडनीवर ताण, साखर वाढणे, रक्तदाब, हात थरथरणे, हाडे ठिसूळ होणे. नव्या फुफ्फुसासोबत घरात मधुमेहही येण्याची शक्यता असते, हे आधीच कळलेले बरे.

संशोधन कुठवर आले

या औषधांची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या हार्डांगरविद्दा पठाराच्या मातीतल्या बुरशीत सापडले. आज सर्वाधिक वापरले जाणारे टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जीवाणूत सापडले. अल्लाहने मूठभर मातीत काय काय ठेवले आहे, याचा विचार केला तरी मन नम्र होते.

या दोन औषधांची थेट तुलना डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या पाच केंद्रांनी २४९ रुग्णांवर केली. तीन वर्षांनंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या गटात ३९ टक्के रुग्णांना जुनाट नाकारणे सुरू झाले होते. टॅक्रोलिमस दिवसातून एकदा घेणाऱ्या गटात १३ टक्के. औषध नेमके कोणते, याने एवढा फरक पडतो.

बेल्जियममधल्या ल्युवेन इथे ८३ रुग्णांवर ॲझिथ्रोमायसिन या साध्या अँटिबायोटिकचा प्रयोग झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दोन वर्षांत हे औषध घेणाऱ्यांपैकी साडेबारा टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना श्वासनलिका बुजण्याचा आजार झाला. हे वाचून कोणी मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणू नयेत. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि कोणत्या रुग्णाला द्यायचे हे केंद्र ठरवते.

त्याच ल्युवेनमधल्या दुसऱ्या अभ्यासात मोठ्या रस्त्याच्या जवळ राहणाऱ्या रुग्णांमध्ये हा आजार आणि मृत्यू अधिक दिसले. आपल्याकडे सोलापूर महामार्गाला लागून कितीतरी घरे आहेत, आणि हंगामात पाचटाच्या धुराने गाव भरून जाते. अशा घरातल्या रुग्णाची झोपायची खोली रस्त्यापासून लांब, मागच्या बाजूला असावी. पाचट पेटलेले असेल तेव्हा खिडक्या बंद, बाहेर पडलेच तर चांगला मास्क.

फुफ्फुस सांभाळून नेण्यातही सुधारणा होत आहे. टोरांटोच्या डॉक्टरांनी शरीराबाहेर यंत्रावर फुफ्फुसात हवा आणि द्रव खेळवून ते तपासण्याची, सुधारण्याची पद्धत २०११ मध्ये मांडली. २०२१ मध्ये त्यांनीच दाखवले की बर्फाच्या ४ अंशांपेक्षा १० अंश तापमानात फुफ्फुस अधिक चांगले टिकते. हे सगळीकडे रुळले तर रात्रीची जीवघेणी धावपळ थोडी कमी होईल.

बारा तासांचा हिशेब

आता घरात काय करायचे ते पाहू. टॅक्रोलिमसची नेहमीची गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. सकाळी आठ तर रात्री आठ. रक्तातले त्याचे प्रमाण खाली गेले की पहारेकरी जागा होतो, वर गेले की किडनीला इजा होते. नमाजच्या वेळेची पाबंदी असलेल्या घराला घड्याळाचे महत्त्व सांगायला नको. ज्या घरात मुलांना फजरला उठवणारी दादी आहे, तिथे गोळीची आठवण ठेवायलाही कोणी असतेच. मात्र हे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. ‘मला वाटले तू दिलीस’ या वाक्याने बरेच नुकसान होते.

गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या घरात शिल्लक असाव्यात. बारामती-इंदापुरात प्रत्येक दुकानात हे औषध मिळेलच असे नाही. दुकानदाराने ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचे’ म्हणून दिले, तर घेण्याआधी केंद्राला फोन करावा. कंपनी बदलली की रक्तातले प्रमाण पुन्हा तपासावे लागते.

रोज सकाळी छोट्या स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकून आकडा वहीत लिहावा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो हा आकडा. रुग्णाचा सर्वांत चांगला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्यापेक्षा दहा टक्के घट दोन दिवस टिकली, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करावा. वीस टक्के घट टिकून राहिली, तर डॉक्टर जुनाट नाकारण्याचा संशय घेतात. घरातल्या शाळकरी मुलीला ही वही सांभाळायला दिली, तर ती मोठ्यांपेक्षा चोख ठेवते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे आजारी माणसाला ‘ताकद’ यावी म्हणून काढे, गुळवेल, जडीबुटी, हकिमी माजून देण्याची रीत आहे. इथे हेच घातक ठरू शकते. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकली जाणारी वस्तू या रुग्णाला नको, कारण त्याची प्रतिकारशक्ती दाबूनच फुफ्फुस टिकवलेले असते. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीशी संबंधित यकृताच्या इजेचे सहा रुग्ण नोंदवले आहेत. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढवतात. ती पूर्ण बंद. आपल्या इंदापूरच्या डाळिंबाबाबतही अनेक केंद्रे जपून राहायला सांगतात, म्हणून घरचे डाळिंब असले तरी आधी विचारून घ्यावे.

रमजान आणि रोजे

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. आपल्याकडे सहरीपासून इफ्तारपर्यंतचा वेळ बारा तासांहून जास्तच असतो, उन्हाळ्यात तर चौदाच्या पुढे. म्हणजे गोळीची वेळ चुकणार, आणि दिवसभर पाणी न पिल्याने टॅक्रोलिमसने आधीच थकलेल्या किडनीवर भार पडणार. किडनी बदललेल्या, तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांच्या रोज्यांविषयी अरब देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांचा दाखला फुफ्फुसाला लावू नये.

आजारी माणसाला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, आणि कायमच्या आजारात फिद्याची वाट आहे. तरी एखादे अब्बा म्हणतात, ‘चाळीस वर्षांत एक रोजा सोडला नाही, आता कसा सोडू?’ त्यांच्या मनातले दुःख समजून घ्यावे. त्यांना रागावू नये. मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तीसाहेबांना घरी बोलावून, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून त्यांच्याच तोंडून मसला सांगावा. इफ्तारच्या दस्तरखानावर त्यांना सगळ्यांसोबत बसवावे, फिद्याचे धान्य त्यांच्या हातून द्यावे. रमजानमध्ये आपण घरात एकटे पडलो, असे त्यांना वाटू देऊ नये.

रात्री उशिरा भरपेट खाऊन लगेच आडवे होणे, हेही टाळावे. पोटातले आम्ल घशापर्यंत येऊन श्वासनलिकेत गेले, तर फुफ्फुसाला इजा होते. जुनाट नाकारण्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. उशाकडची बाजू थोडी उंच ठेवावी.

इयादत, स्वयंपाक आणि अंगण

आजाऱ्याची विचारपूस करायला जाणे सवाबचे काम आहे. पण फुफ्फुस बदललेल्या माणसाच्या खोलीत पंधरा नातेवाईक, त्यात सर्दी झालेली दोन मुले, म्हणजे संसर्गाला आमंत्रण. पहिले काही महिने खाला-फुफींनी दारातून सलाम करावा, फोनवर बोलावे. घरच्यांना हे सांगताना संकोच वाटतो. दारावर डॉक्टरांच्या नावाने एक कागद लावला की काम सोपे होते. घरातल्या सर्वांनी फ्लूची लस घ्यावी. रुग्णाला मात्र जिवंत विषाणूच्या लसी चालत नाहीत.

स्वयंपाकात मांस पूर्ण शिजलेले, अंडे कडक उकडलेले, दूध उकळलेले. गाड्यावरचे कापलेले फळ, उसाचा रस, अर्धे भाजलेले कबाब नकोत. बोअर-विहिरीचे पाणी उकळून द्यावे. बकरी ईदला बकरा अंगणात बांधलेला असेल, तर रुग्णाने शेण, चारा आणि कापाकापीपासून दूर राहावे. कुर्बानी त्याच्या नावाने दुसऱ्याने करावी. कबुतरे, कोंबड्यांचे खुराडे, शेणखत, कुजलेला कडबा, भुशाचे पोते, साचलेल्या पाण्याचा कूलर या सगळ्यांत बुरशी असते. शेतकरी माणसाला ‘वावरात जाऊ नका’ म्हणणे अवघड जाते. बांधावर मास्क लावून फिरायला हरकत नाही, खत उपसायला जाऊ नये.

उमऱ्याला किंवा हजला जायची इच्छा असेल, तर केंद्राला आधी काही महिने विचारावे. गर्दी, लसी आणि प्रवासातली औषधे, तिन्हींचा बंदोबस्त लागतो.

शरीअत आणि कायदा

फुफ्फुस देणारा कोण, हा प्रश्नही घरात निघतो. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मेंदू मृत झाल्याचे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवते, आणि मग नातेवाइकांच्या परवानगीने अवयव घेतले जातात. पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र यादी सांभाळते. फुफ्फुस जुळवताना रक्तगट, छातीचे माप आणि रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पाहतात. जात-धर्म पाहत नाहीत.

जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींसह अवयव प्रत्यारोपणाला परवानगी देणारा ठराव केला आणि विक्रीला मनाई केली. भारतातल्या उलमांमध्ये, विशेषतः मरणोत्तर दानाबाबत, मतभेद आहेत. ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्या आलिमांना विचारून घरात हा विषय निरोगी असतानाच बोलून ठेवावा. अतिदक्षता विभागाच्या दारात, रडारडीत, कोणालाही नीट विचार करता येत नाही.

हो म्हणण्याआधी

आमच्या मते, प्रत्यारोपणाला होकार देण्याआधी घराने एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिले वर्ष पुण्या-मुंबईच्या खेपा कोण करेल? दरमहा औषध आणि तपासण्यांचा खर्च ऑपरेशननंतरही कायम राहील. तो कुठून येईल? मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसारख्या ठिकाणी अर्ज कोण करेल? गोळ्यांची जबाबदारी कोणाची? घरातला धूर, चूल, विडी आजच बंद होईल का? रात्री दोन वाजता आकडा घसरला तर फोन कोणाला करायचा, आणि गाडी कोणाची?

बारामतीचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. अचानक ताप-दम आला तर पहिली मदत तिथे घेता येईल. पण रुग्णाचा कागद, औषधांची यादी आणि केंद्राचा फोन नंबर असलेली एक पिशवी कायम दाराजवळ टांगलेली असावी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनाही लगेच केंद्राशी बोलता येईल.

ज्यांच्या घरी या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. वय, इतर आजार किंवा परिस्थिती पाहून प्रत्यारोपण न करता ऑक्सिजन, औषधे, श्वासाचे व्यायाम आणि घरच्यांची साथ यांवर आजाऱ्याला आराम देणे, हाही इलाज आहे. डॉक्टरांना तसे मोकळेपणाने विचारावे.

आणि ज्यांच्या घरी नवे फुफ्फुस आले आहे, त्यांच्यासाठी आमची एवढीच विनंती आहे. ते एका अनोळखी घराने आपल्या सर्वांत मोठ्या दुःखाच्या वेळी दिलेली अमानत आहे. तिची राखण गोळीच्या वेळेत, सकाळच्या त्या एका आकड्यात आणि खोलीतल्या स्वच्छ हवेत होते. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सबर आणि ताकद देवो. आमीन.

पुढच्या अंकात चुलीचा धूर आणि बायकांचा दमा या विषयावर लिहू, इन्शाअल्लाह. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत.